मोकळ्या रानात लावायचा आणि बरणीत भरायचा टोमॅटो: रोमा व्हीएफ

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यात दोन गुंठे रिकामी जागा आहे, ठिबक आहे. तार-काठीची बांधणी न करता आणि शेडनेट न घालता टोमॅटो लावायचा, आणि वर्षभरासाठी लिटरच्या शंभरेक बरण्या घरीच भरून ठेवायच्या. गेल्या वर्षी बाजारातले हायब्रिड टोमॅटो आणून हे करून पाहिलं. बरणीत गर वर आणि पाणी खाली झालं, सात-आठ बरण्या उकळताना फुटल्या आणि काहींची झाकणं महिन्याभरात फुगली. कोणता वाण लावावा, आणि चुकलं कुठे?

या तिन्ही बिघाडांची कारणं वेगळी आहेत. पाणी सुटलं त्यात निम्मा दोष वाणाचा आणि निम्मा चुलीवरच्या पहिल्या पाच मिनिटांचा. बरण्या फुटल्या त्या काचेमुळे आणि भांड्यात ठेवण्याच्या पद्धतीमुळे. झाकणं फुगली ती आंबटपणा, वेळ किंवा झाकणाची पकड यांपैकी काहीतरी कमी पडल्यामुळे, आणि तिन्हींत हाच बिघाड धोक्याचा आहे. आधी वाणाचं पाहू.

रोमा व्हीएफ लावा. हा सरळ वाण आहे, हायब्रिड नाही. मूळ रोमा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल, मेरीलँड इथल्या केंद्रात तयार झाला आणि 1950 च्या दशकात शेतकऱ्यांपर्यंत पोचला. त्याच्या वंशात इटलीचा सान मार्झानो आहे. लांबट आकार, जाड गर आणि कमी बिया हे गुण तिकडून आले. मात्र सान मार्झानो वेलासारखा वाढतच राहतो, त्याला उंच आधार द्यावा लागतो. रोमाचं झुडूप होतं आणि ते थांबतं. प्रत्येक फांदीच्या टोकाला फुलांचा घोस येतो की त्या फांदीची वाढ संपते. झाड अडीच-तीन फुटांवर जात नाही, म्हणून बांधणीशिवाय चालतं. आणि फुलं जवळजवळ एकाच काळात येतात, म्हणून फळही एकदम हाती लागतं. बरणी भरणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. रोज चार टोमॅटो मिळून काही साधत नाही, एका दिवशी 40 किलो मिळाले तर काम होतं.

नावातला ‘व्ही’ म्हणजे व्हर्टिसिलियम आणि ‘एफ’ म्हणजे फ्युजेरियम, या दोन बुरशींमुळे होणाऱ्या मर रोगाला हा वाण दाद देत नाही. फ्युजेरियमच्या बाबतीत हे पहिल्या प्रकारापुरतंच खरं आहे. सूत्रकृमी (मुळांवर गाठी करणारे सूक्ष्म किडे), जिवाणूजन्य मर, आणि लीफ कर्ल (पानं आकसणारा) व टोस्पो हे विषाणूजन्य रोग, यांपैकी कशालाही तो प्रतिकार करत नाही. ही मर्यादा माहीत असू द्या, म्हणजे कुठे लक्ष ठेवायचं ते ठरवता येईल.

बाजारातला हायब्रिड कडक असतो म्हणून तो बरणीलाही चांगला, असा समज सर्रास आहे. तो चुकीचा आहे. तो कडकपणा ट्रकमधून दोन दिवस प्रवास झेलण्यासाठी असतो. साल चिवट, पिकणं संथ, आणि तोडणी फळाला जेमतेम रंगाची झाक आली की. अशा गोल फळाचे मधोमध आडवे दोन भाग करून एक उलटा धरा. चार-पाच कप्प्यांतला बियांचा पातळ बुळबुळीत भाग लगेच गळतो. तेच रोमाचं फळ कापलं तर दोन-तीन अरुंद कप्पे दिसतात, भिंत जाड असते आणि उलटं धरलं तरी फारसं काही सांडत नाही. गळणारा तो भाग म्हणजेच तुमच्या बरणीच्या तळाशी साचलेलं पाणी. आंबटपणाचा बराचसा वाटा त्याच भागात असतो हेही खरं. म्हणून रोमाची चव जराशी सपक लागते आणि कच्चा खायला तो पिठूळ वाटतो. सॉससाठी चार भाग रोमात एक भाग आंबट गावरान टोमॅटो मिसळा, चव सुधारते. सबंध सोललेल्या बरण्यांत मात्र नुसता रोमाच घाला.

रोमाचं बी मिळालं नाही तर पंजाब कृषी विद्यापीठाचा पंजाब छुहारा किंवा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा गौरव पाहा. दोन्ही लांबट, जाड गराचे सरळ वाण आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा भाग्यश्रीही प्रक्रियेला चांगला, पण फळ निराळ्या घडणीचं आहे. तुमच्या भागात लीफ कर्लने दरवर्षी निम्मी झाडं जात असतील तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक लावणं शहाणपणाचं. तो हायब्रिड आहे, लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतो. फळ गोल, 90 ग्रॅमच्या आसपास, आणि बांधणी करावीच लागते.

बी घेताना पाकीट वाचा. लांबट फळाच्या कोणत्याही हायब्रिडला दुकानात ‘रोमा’ म्हणून देतात. पाकिटावर ‘एफ-1’ लिहिलं असेल तर तो हा वाण नव्हे, आणि त्याचं बी पुढच्या वर्षी धरता येणार नाही.

आता हिशोब. सबंध सोललेल्या किंवा ठेचलेल्या टोमॅटोच्या लिटरभर बरणीला दीड किलो फळ लागतं. दाट सॉसच्या लिटरला तीन ते सव्वातीन किलो. समजा 70 बरण्या सबंध-ठेचलेल्या आणि 30 सॉसच्या, तर एकूण फळ होतं 200 किलो. मोकळ्या रानात, आधाराशिवाय, नीट सांभाळलेल्या झाडाला दीड किलो धरा. म्हणजे 135 झाडं. मर, विषाणू आणि किडकं फळ गृहीत धरून 180 लावा. 90 सेंटिमीटरच्या ओळी आणि ओळीत 45 सेंटिमीटर, या अंतराने एका गुंठ्यात 240-250 झाडं बसतात. तुम्हाला दोन गुंठे लागतच नाहीत. एका गुंठ्यात टोमॅटो लावा आणि दुसऱ्यात यंदा हरभरा किंवा मेथी घ्या, पुढच्या वर्षी अदलाबदल करता येईल. वांगी, मिरची, बटाटा किंवा टोमॅटो ज्या जागी नुकता झाला तिथे हा लावू नका. आधी भेंडी होती तर तिची मुळं उपटून पाहा. मुळांवर गाठी दिसल्या तर जमिनीत सूत्रकृमी आहेत, ती जागा टाळा.

हंगाम एकच: रब्बी. पावसाळ्यात जमिनीला टेकलेलं फळ सडतं. उन्हाळ्यात वेगळी अडचण येते. टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन 20 ते 24 अंशांना सर्वांत चांगलं तयार होतं, 30-32 अंशांच्या वर ते अडतं, पण पिवळं रंगद्रव्य मात्र तयार होत राहतं. म्हणून एप्रिलमधलं फळ नारिंगी दिसतं आणि त्याचा सॉस विटकरी होतो. निफाडला आणखी एक गोष्ट सांभाळायची. डिसेंबर-जानेवारीत पारा खूप खाली येतो, आणि रात्र 12-13 अंशांच्या खाली गेली की फुलाचं फळ धरत नाही. म्हणजे फळधारणा थंडीच्या आधी उरकली पाहिजे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बी टाका, 25-30 दिवसांचं रोप सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला फुलं, आणि लावणीपासून 75-80 दिवसांनी, डिसेंबरच्या मध्याला पहिला तोडा. फळ धरल्यावर थंडी पडली तर पिकायला थोडा उशीर होतो, पण रंग सुरेख येतो.

एक ग्रॅममध्ये साधारण 300 बिया येतात, म्हणून दोन ग्रॅम बी पुरे. 98 कप्प्यांचे तीन ट्रे कोकोपीटने भरा, प्रत्येक कप्प्यात एक बी अर्धा सेंटिमीटर खोल. ट्रेवर पहिल्या दिवसापासून 40 ते 50 मेशची बारीक जाळी कमानीवर ताणा, कडा मातीने दाबून टाका. पांढरी माशी लीफ कर्ल पसरवते, आणि रोपवाटिकेत लागण झालेलं रोप पुढे कसलीही फवारणी करून वाचत नाही. या वाणासाठी तुम्ही जे काही संरक्षण कराल त्यात ही जाळी सर्वांत मोलाची आहे. लावणीच्या आधी चार-पाच दिवस पाणी कमी करून रोप काटक करा.

जमीन तयार करताना गुंठ्याला 200 किलो कुजलेलं शेणखत घाला. सरळ वाणांसाठी हेक्टरी 200:100:100 अशी नत्र-स्फुरद-पालाशाची शिफारस आहे. गुंठ्याला ती 2:1:1 किलो पडते. पिशवीच्या हिशोबात सांगायचं तर 6 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1.7 किलो म्युरेट ऑफ पोटॅश लावणीच्या वेळी, आणि 4.3 किलो युरिया हप्त्याहप्त्याने. शेणखत चांगलं असेल तर युरिया 3 ते 3.5 किलोवर थांबवावा असं माझं मत आहे. जादा नत्राने झुडूप हिरवंगार होतं, फळ उशिरा आणि पाणचट येतं, मावा आणि पांढरी माशीही ओढली जाते. युरियाचा निम्मा भाग लावणीच्या वेळी, उरलेला 20, 40 आणि 55 दिवसांनी.

गादीवाफा 20-25 सेंटिमीटर उंच घ्या. लावणीनंतर तीन आठवड्यांनी झाडाभोवती आणि सरीपर्यंत उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा. आधार न देता टोमॅटो घ्यायचा तर हे पाचट म्हणजेच आधार. फांद्या फळांच्या वजनाने लवतात आणि फळ पाचटावर टेकतं, मातीवर नाही. करप्याचे बीजाणू जमिनीवरून शिंतोड्यांबरोबर पानावर चढतात, तेही पाचटामुळे अडतं.

आता ती चूक, जी तार-काठीवर टोमॅटो घेणारे अनुभवी शेतकरीच जास्त करतात. बगलफुटी, म्हणजे पानाच्या बेचक्यातून फुटणारी फांदी, काढायची नाही. उंच वाढणाऱ्या हायब्रिडला बगलफुटी काढल्याशिवाय आकार राहत नाही, पण रोमाच्या प्रत्येक बगलफुटीच्या टोकाला घोस असतो. ती खुडली की तो घोस गेला, आणि झाड तर पुढे वाढणार नाही. शिवाय पानोळा कमी झाला की उघड्या फळावर ऊन पडून पांढरा, कागदासारखा चट्टा येतो. पहिल्या घोसाच्या खालची, जमिनीला टेकलेली पानं तेवढी काढा. बाकी झाडाला कात्री लावू नका.

लांबट टोमॅटोचं खास दुखणं म्हणजे फळाच्या खालच्या टोकाला येणारा काळा, दबलेला, चामड्यासारखा डाग. कुणी त्याला बुरशी समजून औषध मारत बसतं. तो रोग नव्हेच. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही तेव्हा तिथल्या पेशी कोसळतात. कॅल्शियम मुळाकडून पाण्याबरोबरच वर चढतं, आणि पान जेवढं पाणी उडवतं त्याच्या मानाने फळ फारच थोडं उडवतं. त्यामुळे पाण्याची ओढाताण झाली की पानांना मिळतं आणि फळाचं टोक उपाशी राहतं. आपल्या काळ्या जमिनीत कॅल्शियम सहसा भरपूर असतं, म्हणून चुना टाकून काही होत नाही. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी रपरप पाणी, हेच कारण बहुतेक वेळा सापडतं. ठिबक रोज चालवा. सुरुवातीला झाडाला अर्धा ते एक लिटर, फळं भरताना दीड ते दोन लिटर. जमिनीचा वाफसा बोटाने तपासा. चिकट चिखल झाला तर मुळं गुदमरतात आणि परिणाम तोच होतो. पालाश आणि अमोनियाच्या रूपातलं नत्र एकदम जास्त दिलं तरी कॅल्शियम मागे पडतं. डाग बहुधा पहिल्या घोसावर येतो. ती फळं तोडून टाका, पाणी सुधारलं की पुढचे घोस स्वच्छ येतात.

किडींचं थोडक्यात. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी झेंडू सापळा म्हणून लावा, पण त्याचं रोप टोमॅटोपेक्षा पंधरा-वीस दिवस मोठं हवं, तरच दोघांची फुलं एका वेळी येतात. पानांत पांढरे फुगीर चट्टे दिसले तर टूटा नावाची नागअळी आहे. 2014 पासून ती महाराष्ट्रात आहे. अशी पानं तोडून नष्ट करा, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावा. फुलकिडे टोस्पो पसरवतात: कोवळी पानं तांबूस-जांभळी पडतात, फळावर वर्तुळं उमटतात. असं झाड उपटून रानाबाहेर न्या. ज्या फळाला पिवळे-लाल-हिरवे पट्टे पडतात, ज्याला शेतकरी ‘तिरंगा’ म्हणतात, ते बरणीला अजिबात घेऊ नका. पिवळा भाग शिजूनही कडक राहतो. करप्यासाठी मँकोझेब लिटरला अडीच ग्रॅम चालतं, पण डब्यावर लिहिलेले काढणीपूर्वीचे दिवस मोजून पाळा.

एक तृतीयांश फळांनी रंग धरला की पाणी निम्म्यावर आणा, आणि मोठ्या तोड्याच्या आधी आठ-दहा दिवस काळ्या जमिनीत ते बंदच केलं तरी चालतं. तोवर फळं पुरती भरलेली असतात, टोकाच्या डागाची भीती उरत नाही. या एका गोष्टीने रस घट्ट होतो. टोमॅटोच्या रसात विरघळलेला घनभाग साधारण साडेचार टक्के असतो. तो पाचावर नेला तर सॉस आटवायला लागणारा वेळ आणि गॅस दोन्ही वाचतात. बाजारासाठी तोडतात तसं झाक आलेलं फळ तोडू नका. देठाजवळही पूर्ण लाल झालेलं आणि बोटाने किंचित दबणारं फळ तोडा. तोडल्यावर एक-दोन दिवस सावलीत एका थरात पसरा, फ्रिजमध्ये नको. बहुतेक फळ चार-पाच आठवड्यांत तीन-चार तोड्यांत हाती येतं.

रोगाने किंवा कडाक्याच्या थंडीने वाळलेल्या झाडावरचं फळ खायला चालेल, पण बरणीत घालू नका. त्याचा आंबटपणा कमी असतो. बुरशी आलेलं फळ कापून-साफ करूनही घेऊ नका. बुरशी आम्ल खाते, आणि बरणीची सगळी सुरक्षितता आम्लावर उभी आहे.

ते का, हे नीट समजून घ्या. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. हवा नसलेल्या बंद बरणीत ते जागे होतात आणि जीवघेणं विष तयार करतात; त्याला वास, रंग किंवा चव असेलच असं नाही. पीएच, म्हणजे आंबटपणा मोजणारा आकडा (जितका लहान तितकं आंबट), 4.6 च्या खाली असेल तर ते वाढूच शकत नाहीत. टोमॅटोचा पीएच 4.2 ते 4.7 च्या दरम्यान फिरतो, म्हणजे अगदी सीमेवर. म्हणून प्रत्येक लिटरच्या बरणीत सपाट अर्धा छोटा चमचा सायट्रिक अ‍ॅसिड घालायचंच, वजनाने साधारण अडीच ग्रॅम. अर्ध्या लिटरला पाव चमचा. इथे चमचा म्हणजे 5 मिलीचं माप. ताजं लिंबू पिळून भागवू नका, लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो. आंबट जास्त वाटलं तर वाढताना साखर घाला. मीठ चवीपुरतं आहे, नाही घातलं तरी चालतं. कांदा, लसूण, ढोबळी मिरची, तेल यांतलं काहीही बरणीत नको. त्यांनी आम्ल पातळ होतं आणि उष्णता आत शिरायला वेळ लागतो. फोडणी बरणी उघडल्यावर द्यावी.

सोलण्यासाठी फळाच्या टोकावर छोटी फुली मारा, उकळत्या पाण्यात 30 ते 60 सेकंद, लगेच गार पाण्यात. रोमाची साल पिशवीसारखी निघते. एका वेळी दीड-दोन किलोच टाका, जास्त टाकलं की पाणी निवतं आणि साल तुकड्यातुकड्याने निघते.

आता पाणी वेगळं का झालं. टोमॅटो कापला किंवा मिक्सरला फिरवला की त्यातली विकरं (एन्झाइम) पेक्टिन तोडायला लागतात, आणि पेक्टिन हाच गराला पाणी धरून ठेवणारा दुवा आहे. थंड टोमॅटो मिक्सरमधून काढून, पातेल्यात जमवून, मग गॅस पेटवला की तोवर काम तमाम झालेलं असतं. विकरं 85-90 अंशांच्या वर निकामी होतात, म्हणून फळ कापल्यावर ते तापमान जितक्या लवकर गाठता येईल तितकं बरं. जाड बुडाचं पातेलं मोठ्या आचेवर ठेवा. एकूण फळाचा सहावा भाग चार-चार फोडी करून त्यात टाका, लगेच मुसळीने ठेचा आणि खळखळ उकळू द्या. मग उरलेल्या फोडी थोड्या-थोड्या, उकळी न मोडता टाकत जा. त्या ठेचण्याची गरज नाही. शेवटी पाच मिनिटं उकळा आणि भरा. सॉससाठीही हीच सुरुवात, मग चाळणीतून गाळून साल-बिया काढा आणि निम्म्यावर आटवा. साडेचार टक्क्यांचा रस निम्मा आटला की नऊ टक्के होतो, बाजारातल्या टोमॅटो प्युरीला कायद्याने किमान तेवढाच घनभाग लागतो.

बरण्या कॅनिंगसाठीच बनवलेल्या, जाड काचेच्या, चपटी चकती आणि वरून आवळायचं कडं अशा दुहेरी झाकणाच्या घ्या. लोणच्याच्या, मधाच्या जुन्या बरण्या आणि एकदा वापरलेल्या चकत्या यांवर विसंबू नका. कडं पुन्हा चालतं, चकती दर वेळी नवी. बरणी फुटण्याची कारणं ठरलेली आहेत: गार बरणीत गरम माल, गरम बरणी गार पाण्यात, आणि बरणी थेट भांड्याच्या तळावर टेकणं. म्हणून बरण्या गरम पाण्यात ठेवा, गरम असतानाच भरा, आणि भांड्याच्या तळाशी जाळी किंवा जाड फडक्याची घडी घाला. वर सव्वा सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. कडेने पातळ लाकडी पट्टी फिरवून हवेचे बुडबुडे काढा, बरणीचं तोंड स्वच्छ पुसा आणि कडं बोटांच्या टोकांनी जेवढं बसेल तेवढंच बसवा. करकचून आवळलं तर आतली हवा बाहेर पडत नाही, चकती वाकते.

पाणी झाकणांच्या वर किमान अडीच सेंटिमीटर हवं. खळखळ उकळी आल्यापासून वेळ मोजा. निफाड, नाशिक, पुणे ही गावं 305 ते 914 मीटर उंचीच्या पट्ट्यात येतात. इथे पाणी 100 अंशांच्या आधीच उकळतं, म्हणून वेळ वाढवावी लागते. ठेचलेल्या टोमॅटोला लिटरच्या बरणीत 50 मिनिटं, अर्ध्या लिटरमध्ये 40. सॉसला 45 आणि 40. सबंध फळं पाणी न घालता, दाबून त्यांच्याच रसात भरली तर 90 मिनिटं, बरणी कोणतीही असो, कारण घट्ट गर मधोमध उशिरा तापतो. सबंध फळांवर उकळतं पाणी ओतून भरलं तर 50 आणि 45. मुंबई-कोकणात यातून पाच मिनिटं कमी, महाबळेश्वरच्या उंचीवर पाच मिनिटं जास्त. लिटरपेक्षा मोठी बरणी वापरू नका, तिच्यासाठी या वेळा लागू नाहीत. घरच्या प्रेशर कुकरमध्ये शिट्ट्या मोजूनही हे काम होत नाही. तो झटकन तापतो आणि झटकन निवतो, या वेळा त्याच्यासाठी ठरवलेल्या नाहीत.

वेळ झाली की गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा, मग बरण्या लाकडावर किंवा फडक्यावर, एकमेकींना न लावता, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवा. उलट्या करू नका, कडं पुन्हा आवळू नका. 12 ते 24 तासांनी चकतीच्या मधोमध बोट दाबा. आत ओढलेली आणि न हलणारी चकती म्हणजे बरणी बंद झाली. टिकटिक वाजली तर ती फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा, किंवा 24 तासांच्या आत नवी चकती लावून पूर्ण वेळ पुन्हा उकळा. बंद झालेल्यांची कडी काढून ठेवा, बरण्या पुसा, तारीख लिहा, अंधाऱ्या गार जागी ठेवा, वर्षभरात वापरा. गेल्या वर्षीच्या फुगलेल्या बरण्यांपैकी एखादी अजून घरात असेल तर ती उघडू नका, चाखू नका, जनावरांनाही घालू नका. पिशवीत गुंडाळून कुणाच्या हाती लागणार नाही अशी टाकून द्या.

बी घरचं धरायचं तर पहिल्या तोड्याच्या वेळीच तीन-चार निरोगी, ठेंगणी, भरपूर फळांची झाडं फडकं बांधून राखून ठेवा. एका फळाकडे नव्हे, सबंध झाडाकडे पाहून निवडा. टोमॅटोचं परागीभवन बहुतेक स्वतःचं स्वतःशीच होतं, तरी दुसऱ्या वाणापासून 50 मीटर अंतर असलेलं चांगलं. पूर्ण पिकलेल्या फळांचा बियांचा भाग वाटीत काढून एक-दोन दिवस आंबू द्या, म्हणजे बीभोवतीची बुळबुळीत खोळ सुटते. जास्त ठेवलं तर बी वाटीतच अंकुरतं. तळाशी बसलेलं बी धुऊन घ्या, तरंगणारं फेकून द्या, आणि कागदावर नको, स्टीलच्या ताटलीत सावलीत वाळवा. कागदाला ते चिकटून बसतं. कोरडं झालं की घट्ट झाकणाच्या डबीत, डबीवर वाण आणि वर्ष.